आईचा रोजचा निरोप

छापखान्यातले लोक त्याला टापटीपराव म्हणत, आणि ते काही उगीच नाही. एका वस्तूचे दोन नग दिसले की या माणसाला अन्न गोड लागत नसे. घरात दोन कात्र्या होत्या, तर एक त्याने शेजारणीला देऊन टाकली, आणि उरलेली हरवल्यावर तिच्याच दारात मागायला गेला. छापखान्यातले संगणक मात्र तो नेटके सांभाळायचा, खोटं कशाला बोला.

तर एका रविवारी घरच्या संगणकाने हात वर केले. जागा संपली. घरातल्या सगळ्या फोनांवर आलेलं सगळं त्यातच साठायचं.

"एकेक फोटो चार-चारदा ठेवलायस," बायको म्हणाली. "आता निस्तर."

हाताने निस्तरणं याच्या रक्तात नव्हतं. न्याहारी करून उठला आणि बाह्या सरसावून स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने आपोआप पाळायच्या हुकमांची यादी, लिहायला बसला. युक्ती साधी होती. फाइलीचं नाव काहीही असो, आतल्या मजकुरावरून तिचा ठसा काढायचा. दोन ठसे जुळले की फाइल एकच. पहिल्या झटक्याला गाडी अडली, कारण लेकीने नावांत मोकळ्या जागा सोडल्या होत्या आणि स्क्रिप्ट एकेका नावाचे तीन-तीन तुकडे करत होती. त्याने नावाभोवती अवतरणचिन्हं घातली आणि पुन्हा चालवली.

जुळ्या फाइलींची यादी उतरू लागली. फोटो आले, बिलं आली, आणि मग एका ठशाखाली शेपूट लागलं ते संपेचना. उघडून ऐकतो तर आई.

"मी बरी आहे. चहा झाला. काळजी करू नकोस."

आई दुसऱ्या गावी एकटी राहायची आणि रोज सकाळी फोनवर हा बोलका निरोप पाठवायची. त्याने पुढची फाइल ऐकली. तेच शब्द, तोच खोकला, शेवटी कप ठेवल्याचा तोच आवाज. कित्येक महिन्यांचे निरोप, आणि सगळे मिळून एकच.

ज्या आवाजाच्या भरवशावर आपण निर्धास्त राहिलो, तो कधीचा? आई आज कशी आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. फोन लावला, उचलेना. पुन्हा लावला. त्याचा चेहरा बघून बायकोने आईकडे निघायला चपला घातल्या.

तिसऱ्या खेपेला आईने उचलला. धापा टाकत होती.

"काय झालंय तुला?" तो ओरडला.

"काय व्हायचंय? पोहून आले. क्लास लावलाय."

त्याने स्क्रिप्टचं सगळं सांगितलं तशी आई खो-खो हसत सुटली.

"सापडले म्हणायची. अरे, सकाळी तलावावर पळायची घाई. एकदा 'मी बरी आहे' असं बोलले होते, तेच रोज पुन्हा पाठवते."

"मला घोर लागला ना गं. असं फसवतात का कुणी?"

"बरी होते म्हणूनच पाठवत होते. आणि तू रे? मी काहीही बोलले तरी तुझा आपला एक अंगठा. पहिल्यांदा पाण्यात उतरले तेव्हा घाबरून तुला सांगितलं, त्यालाही अंगठाच आला. म्हटलं, ऐकतंय कोण?"

टापटीपरावाने फोन ठेवला आणि तो निरोप शोधायला बसला. यादीत नव्हताच तो. जुळा नसलेली फाइल यादीत येणार कशी? जुन्या तारखांत हाताने धुंडाळला तेव्हा कुठे मिळाला.

"आज पाण्यात उतरले रे. हातपाय कापत होते. वेळ मिळाला की फोन कर, सगळं सांगते."

त्याने पुन्हा फोन लावला.

"आता काय?" आई म्हणाली.

"वेळ मिळालाय," तो म्हणाला. "सांग."