बेचाळीसची फाईल उघडली आणि माझं पुस्तक खोटं ठरलं

मंडळी, यवतच्या सायबर कॅफेतून लिहितोय. घाईत टाईप करतोय, चुका सांभाळून घ्या.

गावच्या बेचाळीसच्या लढ्यावरचं माझं पुस्तक तुम्ही डोक्यावर घेतलंत. भूमिगतांचा ठावठिकाणा उस्मानचाचांच्या वडिलांनी पोलिसांना सांगितला, असं मी त्यात लिहिलंय. पुरावा काय, तर गावात सगळे तसंच म्हणतात. त्याच संशयावरून चाचांच्या घराचा जत्रेतला मशालीचा मान गेला, तो आजवर परत मिळाला नाही.

आज दौंडला सरकारी दप्तरात त्या वेळची गोपनीय फाईल बघायला मिळाली. क्लार्क म्हणाला, "तुमचं पुस्तक सायबांनी वाचलं, म्हणून खुली झाली गुरुजी. न्हाईतर कोण इचारतंय?" मी फुगलोच.

मग खबऱ्याचं नाव वाचलं. ते चाचांच्या वडिलांचं नव्हतं. आप्पांच्या वडिलांचं होतं. ज्यांच्या हस्ते माझं पुस्तक प्रकाशित झालं आणि मशालीचा मान आता ज्यांच्या घरात आहे, तेच आप्पा.

झेरॉक्स घेऊन यवतला उतरतोय तोच त्यांचा फोन आला. "गुरुजी, फाईल गावली म्हणं. कागद घिऊन थेट घरी या. मधी कुठं थांबू नका."

मी तर कुणालाच सांगितलं नव्हतं!

गावात शिरताना चाचांचं घर आधी लागतं. ते ओट्यावर बसलेले असतील, "या गुरुजी, चहा घ्या" म्हणतील. माझं पुस्तक त्यांनी विकत घेतलंय, पण त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही.

सांगा, थांबू का?