नळाच्या दिवशी शिळं पाणी

वडील होते तेव्हा यवतमाळात आमच्या गल्लीत चार-पाच दिवसांआड नळ यायचा. नळाच्या दिवशी उरलेलं पाणी कढीपत्त्याला घालायचं, भांडी घासायची आणि सगळं ताजं भरून ठेवायचं, ही त्यांची रीत. शिळं पाणी घरात असलं की त्यांना चैन पडत नसे.

मुलगी नागपूरला शिकायला गेली, तेव्हा तिचे दोन गोल्डफिश आजोबांच्या हवाली करून गेली. टाकी पंचेचाळीस लिटरची. नळाचं पाणी निदान एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मगच घालायचं आणि एका वेळी दहा लिटरहून जास्त बदलायचं नाही, हे तिनं बजावलं होतं. पण त्या सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो, तर वडिलांनी अर्ध्याहून अधिक पाणी काढून थेट नळाचं भरलेलं. ब्लीचिंगचा वास येत होता. मासे वर येऊन धापा टाकत होते.

"पाणी तं चकाचक आहे," वडील म्हणाले. "मंग काहून असे करून राह्यले?"

"त्यातल्या क्लोरीननं कल्ले जळतात, बाबा."

"मंग फिल्टरचं टाक ना. आपल्याले चालते, त्याईले नाही चालत?"

फिल्टरच्या पाण्यात क्लोरीन नव्हता, पण क्षारही जवळजवळ नव्हते. क्षार मोजायच्या मीटरवर ते चाळीस दाखवायचं, टाकीतलं चारशेच्या आसपास. नुसतं तेच दिलं तर माशांना दुसरा धक्का. हवं होतं ते शिळं पाणी, आणि ते घरात थेंबभरही उरलं नव्हतं. मुलगी शनिवारी येणार होती.

बादल्या घेऊन शेजारच्या काकूंकडे गेलो. "काकू, शिळं पाणी आहे काय?"

"नळ चालू हाये अन् शिळं मागून राह्यले? घरी सारं बरं हाये ना, भाऊ?"

"माशांसाठी पाहिजे."

"आताच ओतलं न बाप्पा! पलीकडे पाहा. त्याईच्या घरी अजून कोणी उठलंच नसन."

खरंच उठलं नव्हतं. त्यांना उठवलं, ड्रममध्ये साबण गेलेला नाही ना, हे दोनदा विचारलं आणि दोन बादल्या आणल्या. मासे त्यांतल्या एकीत सोडले. वडील शेजारी स्टूल टाकून बसले. जेवायला हाक मारली, तरी उठले नाहीत. दुपारी मासे खाली उतरून सावकाश फिरू लागले, तेव्हा कुठे ते पानावर आले. दुसऱ्या दिवशी टाकीतला ब्लीचिंगचा वास गेल्यावर मासे परत टाकीत सोडले.

शनिवारी मुलीनं चपला काढायच्या आत त्यांनी सांगून टाकलं, "बाई, तुह्या मासोळ्याईले म्या ताजं पाणी भरलं. मराले टेकल्या होत्या."

ती टाकीपाशी वाकली. दोन्ही मासे पाहून घेतले आणि म्हणाली, "आबाजी, आम्हाला तरी तुम्ही कधी शिळं पाजलं?"

वडील हसले नाहीत. तिनं तांब्या त्यांच्या हातात दिला. मग दोघांनी मिळून टाकीचं पाणी बदललं, थोडं थोडं, आणि मी बाजूला उभा राहून लिटर मोजले.