हातानं भरवलेलं कुत्रं

"आ कर राजा, कुणाच्या घरचं खाऊन आलास बघू दे."

एवढं म्हणून मावशी कुत्र्याचा ओठ अंगठ्यानं वर सारायच्या. कसलंही चावरं कुत्रं असो, त्यांच्या हातात गप्प उभं राहायचं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जनावरं ज्यांचं ऐकतात. पण मावशींच्या बाबतीत मला कधीकधी त्या कुत्र्यांचीच काळजी वाटायची. इतकी गप्प व्हायची ती.

सेलूच्या जनावरांच्या दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून रुजू झालो, तेव्हा मावशी तिथं परिचर होत्या. मूळच्या चारठाण्याच्या, नवऱ्याच्या जागेवर लागलेल्या. शिक्षण चौथीपर्यंत.

एकदा एका मास्तरांनी मांजर आणलं. हिरड्या लालभडक, दाढांवर पिवळा थर. मावशींनी त्याचं तोंड हुंगलं.

"दुधात पाव कुस्करून घालता न्हवं?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"मऊ गिळगिळीत दातालाच चिकटून बसतंय. त्याचं किटण होतंय, मग हिरडी सडती. फजूल लाड करू नका." आणि जरा थांबून म्हणाल्या, "घरात कोणी लय आजारी हाय का? पेजंचा वास यायलाय."

मास्तरांची आई महिनाभर पेजेवर होती. मास्तर मांजर उचलून निघून गेले. पुन्हा आले नाहीत.

दवाखान्यामागं बंद पडलेलं कापसाचं जिनिंग होतं. तिकडचं एक तांबूस कुत्रं रोज आमच्या ओट्यावर येऊन पडायचं. बेवारस, पण दात पांढरे स्वच्छ. मावशी कौतुकानं म्हणायच्या, "बघा साहेब, मिळंल ते हाडूक चावून खातंय, म्हणून दात असे."

दोन-तीन महिन्यांत ते तोंड बदललं. दातांच्या मुळाशी तपकिरी किटण धरलं, हिरडीतून रक्त येऊ लागलं. तोंडाला गोडूस, आंबूस वास. मावशींनी काडीनं दाढेतला लगदा काढला.

"दूध-बिस्कीट. ह्याला कोणीतरी हातानं भरवायलंय."

"खाऊ घालत असेल कोणी," मी म्हणालो.

"कोण? त्या अंगाला माणूसच राहत न्हाई."

त्यांनी आसपास विचारलं. कोणीच हो म्हणेना. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला हाक मारली. कुत्र्याच्या सुळ्याभोवती एक केस गुंडाळलेला होता. मावशींनी तो सोडवून उजेडात धरला. हातभर लांब, पांढराशुभ्र.

मावशी उठल्या. कुत्रं निघालं तशा त्याच्या मागोमाग निघाल्या. भर दुपार होती. मीही गेलो, का ते मला सांगता येणार नाही.

जिनिंगच्या पलीकडं एक एकटं घर होतं. पुढच्या दाराला कुलूप. तिथली म्हातारी पुतण्यानं पुण्याला नेऊन ठेवली, असं सगळ्यांनाच माहीत होतं. गावातच राहणारा पुतण्या दोन दिवसांआड घर बघून जायचा. कुत्रं वळसा घालून मागच्या दारी गेलं. दाराची खालची फळी तुटलेली होती. ते तिथं बसलं आणि हलकेच कण्हलं.

फटीतून एक हात बाहेर आला. नुसती कातडी आणि हाडं. बोटांवर बिस्किटाचा लगदा. कुत्र्यानं तो सावकाश चाटून घेतला.

मावशी खाली बसल्या आणि त्यांनी तो हात धरला. आतून आवाज आला नाही, हातही मागं गेला नाही.

पोलिसांना बोलावून कुलूप तोडलं. घर नावावर करून घेण्यासाठी पुतण्यानं काकूला कोंडलं होतं. दुधाची पिशवी आणि बिस्किटाचे पुडे टाकून जायचा. तिच्या तोंडात एकही दात नव्हता.

"ओरडल्या का न्हाई, आजी?" मावशींनी विचारलं.

"आधी ओरडले. कुणी येईना. मग वाटलं, आपुन मेलोत. हे कुत्रं आलं, हातचं खाऊ लागलं." ती मावशींकडं बघत म्हणाली, "मेलेल्याच्या हातचं कुत्रं खातंय का, बाई?"

मावशींना त्या दिवशी प्रथमच रडताना पाहिलं.

पुतण्याला पोलिसांनी नेलं. म्हातारीला न्यायला कोणी आलं नाही. इस्पितळातून सुटल्यावर मावशींनीच तिला घरी नेलं, कुत्र्यासकट. निवृत्त झाल्या तेव्हा तिघं चारठाण्याला गेली. मी विचारलं होतं, एवढं ओझं कशाला? मावशी म्हणाल्या, "साहेब, तिचा हात धरला तवा तिनं माझा लय घट्ट धरला. मला सोडवताच आला न्हाई."

गेल्या हिवाळ्यात मावशी वारल्याचं कळलं. छातीत कळ आली आणि गेल्या. मला उशिरा समजलं, तरी मी चारठाण्याला गेलो. शेजारीण रस्त्यातच भेटली. म्हणाली, "आजीला दोन्ही वेळचं मीच नेऊन देते. मावशी गेल्यापासून चूल पेटली न्हाई."

म्हातारी ओट्यावर बसली होती. कुत्रं तिच्या पायाशी निजलेलं. मी जवळ जाऊन मावशींचं नाव काढलं.

"आत हाय की," ती म्हणाली. "भाकऱ्या करायलीय. बसा."

दार सताड उघडं होतं. आत अंधार. मी दाराकडं वळलो. तेवढ्यात आतून भाकरी थापल्याचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा.

मी चपला काढल्या आणि ओट्यावर बसलो.