लिंकांचा हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की कुंदाताई नौपाड्यातल्या बँकेत जाऊन पेन्शनीसाठी स्वतःचा हयातीचा दाखला द्यायच्या आणि तशाच आमच्या डोंबिवलीच्या वाचनालयात यायच्या. चपला काढताना मला म्हणायच्या, "मी जिवंत आहे हे सरकारला पटलं. आता यांचं बघू." 'यांचं' म्हणजे कॉम्प्युटरमध्ये साठवलेल्या लिंकांचं. एकेक उघडून ती अजून चालू आहे का, हे त्या पाहायच्या.

ताई ठाण्याच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. ऐंशीच्या दशकापासून वर्तमानपत्रांतली कात्रणं विषयवार लावून त्यांनी आमचं एक लोखंडी कपाट भरलं होतं. खाडीतली मासेमारी, मिठागरं, विठ्ठलवाडीचे कारखाने, काय वाट्टेल ते. कपाटाला कुणी न विचारता हात लावला तर त्याची खैर नसे. मी काउंटरवर नवा असताना त्यावर चहाचा कप ठेवला होता. तेव्हा झालेली खरडपट्टी अजून आठवते.

नव्वदीच्या अखेरीस वाचनालयात कॉम्प्युटर आला, टेलिफोनच्या तारेवरून चालणारं इंटरनेट आलं आणि आमचे कार्यवाह दामले हवेत गेले. "ताई, आता सगळं नेटवर आहे. लिंक सेव्ह करायची, झालं. कपाटातलं रद्दीत देऊ, तिथे टेबल बसेल."

ताई भांडतील असं मला वाटलं. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि माउस धरायला शिकल्या. उन्हाळ्यापासून रोज दुपारी बसून त्यांनी विषयवार लिंका साठवल्या, अगदी कात्रणांसारख्या. मग नोव्हेंबरात दामल्यांना शेजारी बसवून एकेक उघडायला घेतली. कित्येक उघडेचनात. एका वर्तमानपत्राची तर वेगळीच तऱ्हा. मिठागरांची बातमी म्हणून साठवलेल्या पानावर त्या दिवशीचं क्रिकेट.

"पत्ता तोच, भाडेकरू दुसराच," ताई म्हणाल्या.

"अहो, शोधलं की दुसरं काहीतरी सापडेल."

"सापडेल. पण मी हे ठेवलं होतं."

दामले कसले ऐकतात! पुढच्याच आठवड्यात रद्दीवाला तराजू घेऊन दारात. ताईंनी एक खुर्ची ओढली, कपाटाच्या दाराला पाठ लावून बसल्या आणि पिशवीतून विणकाम काढलं.

"मावशी, उठा ना, बाहेर टेम्पो खडा आहे," रद्दीवाला काकुळतीला आला.

"तुझं काही चुकलं नाही रे. पण आधी मला तोल, मग कागद."

संध्याकाळी तराजू रिकामा परत गेला. इतका आनंद मला पगाराच्या दिवशीही झाला नव्हता.

कॉम्प्युटरवर मात्र ताईंचा राग नव्हता. लिंक तिथे ठेवायच्या आणि महत्त्वाचं पान छापून कपाटात. "ठेवून विसरणं म्हणजे फेकणंच की," असं म्हणायच्या.

शेवटच्या नोव्हेंबरात त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. दाखल्यासाठी बँकेच्या माणसाला घरी आणू का, हे विचारायला मी गेलेलो.

"माझं राहू दे," त्या म्हणाल्या. "त्यांचे दाखले घेतलेस का?"

"चालू आहे, ताई."

महिना संपायच्या आत त्या गेल्या. मी लहान मुलासारखा रडलो.

तेरावा झाला आणि दामल्यांनी पुन्हा रद्दीवाल्याला बोलावलं. "आता कोण बघणार आहे ते कपाट?" ते म्हणाले. मी काउंटर सोडून उठलो, ताईंची खुर्ची ओढली आणि कपाटाच्या दाराला पाठ लावून बसलो.