वसू गाडी चालवत नाही

हे मी ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही. इतकी वर्षं संसार केला, भांडलो, एकमेकांची आजारपणं काढली, पण हे नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही वसूला ओळखत नाही, म्हणून असेल.

वसू म्हणजे वसुधा, माझी धाकटी नणंद. बी.कॉम. करून नगरहून आमच्याकडे आली, तेव्हा गाझियाबादच्या कडेला कौशांबीत नव्या इमारती उठत होत्या. मी नेहरू प्लेसच्या एका परदेशी कंपनीत नुकतीच लागले होते, चार्टर्ड बसने जायचे-यायचे. मुलगा नुकता चालायला लागलेला. त्याला कोण सांभाळायचं? वसू. नोकरी शोधायला आलेल्या मुलीची मी आया करून टाकली होती, आणि वर सगळ्यांना कौतुकाने सांगायचे, आत्याचा किती लळा आहे बघा!

आमची एक छोटी लाल गाडी होती. हे कंपनीच्या कामाने काही महिने मद्रासला गेले आणि लगेचच समोरच्या इमारतीतल्या कुणाची तरी गाडी चोरीला गेली. दिल्लीत तेव्हा सगळे करायचे तेच मी केलं, मेकॅनिककडून आमच्या गाडीत चोर स्विच बसवून घेतला. ड्रायव्हरच्या सीटखाली, मॅटच्या आड एक बारकंसं बटण. ते बंद असलं की दिवे लागतात, हॉर्न वाजतो, स्टार्टर गरगरतो, पण इंजिनात ठिणगी पडत नाही. चोर कंटाळून निघून जातो. "किसी को बताना नहीं मैडम, घरवालों को भी नहीं," मेकॅनिक म्हणाला. मी नाही सांगितलं. वसू तेव्हा गाडी शिकत होती; तिला सरावाला नेताना आधी मी बसून ते बटण चालू करायचे, मग तिला जागा द्यायचे. तेव्हा त्यात काही पाप नव्हतं — नव्हतं ना?

तिचा हात चांगला होता. माझ्यापेक्षा चांगला. हे लक्षात ठेवा.

मग तिला दिल्लीपलीकडच्या मानेसरहून मुलाखतीचं बोलावणं आलं. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी नवी फॅक्टरी, अकाउंट्समधली जागा. नोकरी लागली तर मैत्रिणीबरोबर दिल्लीच्या त्या बाजूला, मुनिरक्यात खोली घेऊन राहायचं, हेही तिने ठरवून टाकलं होतं. "गाडी घेऊन जा गं," मी म्हटलं. अगदी उत्साहाने म्हटलं. आतून मात्र हादरले होते. मुलाला कुठे ठेवणार? त्या दिवसाची रजासुद्धा साहेबांनी कपाळाला आठ्या घालून दिली होती. वसू गेली की माझी नोकरी गेली, हे मला स्वच्छ दिसत होतं.

त्या सकाळी खाली जाऊन बटण चालू करायचं, एवढंच माझं काम होतं. मी पोहे केले. तिच्या साडीच्या निऱ्या धरल्या. हातावर दही-साखर ठेवली. ती पाया पडली तेव्हा तोंडभर आशीर्वाद दिला. किल्ली दिली. आणि खाली गेले नाही.

मी काही केलं नाही, असं मी कितीदा मनाशी म्हटलंय! खरंच काही केलं नाही. हेच तर केलं.

बाल्कनीत मुलाला कडेवर घेऊन उभी राहिले. स्टार्टर गरगरला. थांबला. पुन्हा गरगरला. वसूने वर पाहिलं. मी खाली उतरले — तुम्हाला वाटेल, आता तरी! मलाही जिना उतरताना तसंच वाटत होतं. पण तोवर खालच्या मजल्यावरचे भाटियाजी बॉनेट उघडून बसले होते. त्यांनी हेडलाइट लावून पाहिले, हॉर्न दाबला. "बैटरी तो एकदम फर्स्ट क्लास है जी." टर्मिनल घासली, वायरी हलवल्या. आम्ही धक्का मारला. मीही मारला, एका हाताने, मुलाला सावरत. गाडी गेटपर्यंत गेली आणि तिथे मुकाट उभी राहिली. वसूच्या कपाळावर घाम, साडीला ग्रीस. ती सारखी घड्याळ बघत होती आणि मी तिच्याकडे बघत होते. गाडीचं दार उघडं होतं. नुसतं वाकायचं होतं मला.

शेवटी भाटियाजींनी नाक पुढे करून हुंगलं. "पेट्रोल की बास आ रही है. चोक ज़्यादा खींच दिया बिटिया ने." म्हणजे इंजिनात पेट्रोल तुंबलं, आणि चूक चालवणारीची.

वसूने माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, खरंच? मी जास्त ओढला?"

"हो गं," मी म्हटलं. "मी वरून ऐकत होते. घाबरलीस तू."

हे — हेच ते. बटणाचं एक वेळ राहू द्या. हे वाक्य मला कुणी बोलायला लावलं नव्हतं.

ती धावत बसला गेली, बसा बदलत मानेसरला पोचली, तोवर मुलाखती आटपल्या होत्या. ती दिसेनाशी झाल्याबरोबर मी सीटखाली हात घातला. गाडी एका किल्लीत सुरू झाली. संध्याकाळी तिने विचारलंच, गाडीचं काय झालं? म्हटलं, पेट्रोल उडाल्यावर झाली सुरू, चोकच होता. तीच मला समजावत बसली — "जाऊ दे वहिनी, तू तरी काय करणार?" हे परत आले तेव्हा त्यांना सांगितलं की स्विच वसूच्या मुलाखतीनंतर बसवून घेतला.

वसूने पुढे कुठे अर्ज केला नाही. मुलाला सांभाळलं, लग्न होऊन नागपूरला गेली. मी मॅनेजर होऊन निवृत्त झाले. गाडीला तिने पुन्हा हात लावला नाही. नवऱ्याने नवी घेतली तेव्हाही नाही.

मागच्या हिवाळ्यात ती मुलीला घेऊन आमच्याकडे आली होती. मुलगी गाडी शिकतेय. तिने आईला छेडलं, तू का गं नाही शिकलीस? वसू हसली. "शिकले होते. ऐन वेळी हातपाय गळाले माझे. विचार मामीला, ती होती तिथे."

दोघी माझ्याकडे बघत होत्या.

"जमत नाही एकेकाला," मी म्हटलं, आणि चहा टाकायला उठले.