चुलीवरचा अ‍ॅम्प्लिफायर

माझा मोठा भाऊ बोटीवरून कायमचा घरी आला तो कान बोटीवरच ठेवून आला. इंजिन रूममध्ये तीस वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार? डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं. ते शिट्ट्या मारतं म्हणून दादाने ते डबीत घालून कपाटात ठेवलं आणि डॉक्टर, मी, वहिनी, कोणाचंही ऐकलं नाही. तसंही त्याला ऐकू येत नव्हतंच. पहिलं वर्षभर आम्ही ओरडून बोललो. मग घसा बसला आणि वहिनी खुणांवर आली. चहा, आंघोळ, जेवण, दार लाव. तेवढ्यात संसार चालतो, पण गप्पा होत नाहीत. दादा हळूहळू पडवीतल्या खुर्चीपुरता उरला. मला आधी त्याचा राग यायचा आणि राग ओसरला की रडू यायचं.

एक दिवस त्याने भिंतीवरची गिटार काढली, मांडीवर घेतली, दोन-चार तारा छेडल्या आणि पुन्हा खुंटीला लावली. आमच्या खाडीकाठच्या गावात तरुणपणी गिटार वाजवणारा तो एकटाच. गणपतीत भजनाला पेटी-पखवाजाशेजारी गिटार घेऊन बसायचा आणि बुवा नाक मुरडायचे. "वाजवतोय ते बरोबर की चूक, तेच कळत नाही," तो मला म्हणाला. "मग कशाला वाजवायची?"

रत्नागिरीला घरी परतताना रिक्षात मला अ‍ॅम्प्लिफायर आठवला. पहिल्या सफरीहून येताना त्याने कुठल्याशा बंदरातून एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आणला होता, जाड लाकडी खोका आणि पुढे जाळी. वाजवला की कौलं थरथरायची. दादाला काही ऐकू येणार असेल तर ते त्यातूनच, असं माझ्या मनाने घेतलं. एकदा माझ्या मनाने घेतलं की मी कोणाला बसू देत नाही. दुसऱ्याच दिवशी मी परत दादाच्या घरी हजर झाले.

तो सापडला माळ्यावर, जिथे मीच त्याला ठेवलं होतं. दादा दुसऱ्या सफरीवर गेला तेव्हा त्याचं लग्न व्हायचं होतं आणि पावसाळा तोंडावर होता. आमच्याकडे पावसाळ्याआधी जपायची प्रत्येक वस्तू चुलीच्या वरच्या माळ्यावर जाते. बियाण्याचं भात, सुकी मासळी, आमसुलं. धुराने बुरशी लागत नाही आणि किडाही फिरकत नाही. मी आणि आईने मोठ्या प्रेमाने दादाचा अ‍ॅम्प्लिफायरही तिथेच चढवला. पुढच्या रजेत दादाने तो उतरवला तेव्हा तो मुका झाला होता. खोका पुन्हा वर गेला. आता काढला तर तो तव्याच्या बुडासारखा काळा होता. मी तिथेच कपाळाला हात लावला.

बाजारातल्या दुकानदाराने तो उघडलासुद्धा नाही. नवीन घ्या, म्हणाला. मी घ्यायलाही निघाले होते, पण वहिनी म्हणाली, "ह्यांनी नवीन घेतलेलं कधी काही वापरलंय? थांबा वन्सं, मी बघते."

वहिनी अलोऱ्याची. तिचे वडील तिथल्या वीज प्रकल्पाच्या कॉलनीत इलेक्ट्रिशियन होते. मुलगा नव्हता, म्हणून म्हणा की हिला आवड म्हणून म्हणा, पक्कड आणि तारांना डाख लावायची पिवळ्या मुठीची सोल्डरगन तिच्या हातात लहानपणीच आली. लग्न होऊन आली तेव्हा रुखवतात एक टेस्टर होता. आम्ही नणंदा पदराआड हसलो होतो. मग दादा बोटीवर आणि ही घरात, विहिरीचा पंप, मिक्सर, शेजारणींच्या इस्त्र्या, सगळं हीच दुरुस्त करायची. पण पिकतं तिथे विकत नाही. ती काय करते ते मी कधी धड बसून पाहिलं नव्हतं. त्या दसऱ्याच्या आठवड्यात पाहिलं.

तिने पडवीत गोणपाट अंथरलं, खोका उघडला आणि आधी दोन दिवस नुसती साफसफाई केली. थिनर, दात घासायचा जुना ब्रश आणि चिंध्या. काजळी चिकट होती, खोकल्याच्या काढ्यासारखी. मी शेजारी बसून घाई करत होते. कचेरीत जन्म गेला माझा, लोकांच्या कामावर शेरे मारायची सवय आहे. तिने एकदाही वर पाहिलं नाही.

मग तिने तिच्या वडिलांची फळी काढली. फळीवर एक होल्डर, त्यात शंभरचा पिवळा दिवा. वीज आधी त्या दिव्यातून जाणार आणि मग अ‍ॅम्प्लिफायरला. आत शॉर्ट असेल तर दिवा पूर्ण पेटतो आणि वस्तू वाचते. सगळं ठीक असेल तर क्षणभर पेटून मंद होतो. तिने बटण दाबलं. दिवा लख्ख पेटला आणि पेटलेलाच राहिला.

संपलं, मी म्हणाले.

"पेटला ते बरं झालं, वन्सं," ती म्हणाली. "नाहीतर आतलं जळलं असतं."

कुठे काय सुटलंय पाहावं म्हणून मी आत बोट घालायला गेले आणि तिने माझ्या हातावर फटका मारला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बटण बंद केलं तरी आत वीज मुरून राहते, ती आधी उतरवावी लागते, असं तिने मला शांतपणे समजावलं. मी निमूटपणे हात मांडीवर ठेवला, आणि मला मनापासून तिचा अभिमान वाटला. माझ्यावर हात उगारायला धाडस लागतं, विचारा आमच्या घरात कोणालाही.

तिची पद्धत सरळ होती. एकेक भाग सोडवायचा, बटण दाबायचं, दिव्याकडे बघायचं. सगळ्यात भीती ट्रान्सफॉर्मरची होती. तो गेला असता तर सगळंच गेलं असतं, तसला आता कुठे मिळणार? बाकी सगळं सोडवून तिने एकटा ट्रान्सफॉर्मर लावला. दिवा पेटला नाही. वहिनीने पदराने कपाळ पुसलं.

"खाडीची खारी हवा तांब्याची तार खाते," ती म्हणाली. "तुम्ही चुलीवर ठेवलात म्हणून हा राहिला."

हे खरं होतं की माझ्या मनावरचं ओझं उतरवायला म्हणाली, ते मला आजही ठाऊक नाही. मी विचारलंही नाही.

बिघाड निघाला तांदळाएवढ्या एका डायोडमध्ये. तसे चार होते. तिने चारही बदलले, एक गेला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे, म्हणाली. फुगलेले दोन कपॅसिटर बदलले. स्पीकरचा कागद कडेला फाटला होता, त्याला पतंगाचा कागद पांढऱ्या गोंदाने असा बसवला की ठिगळ शोधावं लागावं. माझ्या हातून साधं पुस्तकाचं कव्हर नीट बसत नाही. बटणं धुराने जाम झाली होती, तीही पुसून पुसून मोकळी केली. सहाव्या दिवशी दुपारी फळीवरचा दिवा क्षणभर पेटला आणि मंद झाला. आम्ही दोघी कितीतरी वेळ त्या मंद दिव्याकडेच बघत बसलो.

दादा नेहमीसारखा आमच्याकडे पाठ करून खाडीकडे बघत होता. आवाज कसा येतो ते पाहायचं होतं, पण गिटार आम्हा दोघींनाही वाजवता येत नाही. वहिनीने तिच्या महिला भजनी मंडळाचा माईक आणून जोडला. अशा कानांना जाड आवाज पोचतो, बारीक पोचत नाही, एवढं तिने दादाच्या डॉक्टरांकडून ऐकलं होतं. म्हणून तिने बेसचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि खोका दादाच्या खुर्चीकडे वळवला. तिने माईक तोंडाशी धरला. काय बोलावं ते तिला सुचत नसावं. खुणांची सवय झाली होती.

"आज बांगडे आले होते," ती शेवटी म्हणाली. "मी घेतले नाहीत. रोज रोज बांगडा खाऊन कंटाळा आलाय मला."

कौलं थरथरली. खाडीवरून नजर न काढता दादा म्हणाला, "मग काय आणलंस?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण माईक तिने खाली केला नाही.

"काही नाही. कालचीच आमटी आहे."

तेव्हा दादा खुर्चीत वळून बसला, आणि कालच्या आमटीवरून तिच्याशी वाद घालू लागला.