म्हादूभाऊंचा कोठा

कुठल्याही नव्या जागी गेलं की म्हादूभाऊ आधी खाली बसत. खुर्ची पुढे केली तरी जमिनीवरच. चंद्रपूरकडच्या आमच्या सावली गावाच्या आसपास कुठं लग्न ठरलं की मांडवाची जागा दाखवायला लोक त्यांना घेऊन जात. भाऊ मुद्दाम भर दुपारी पोचत, शेवटची पंगत जिथे पडणार तिथे मांडी ठोकत, तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी सोडत आणि अर्धा तास कोणाशी बोलत नसत. मग निकाल देत. "पहिल्या पंगतीले सारेच सावलीत बसवते. शेवटचा मानूस उन्हात जेवला तं त्याले लग्न म्हनाचं काय?"

भाऊ आमचे शेजारी. आई गेली तेव्हा ताई चार वर्षांची आणि मी तान्ही. भाऊंच्या बायकोनं, कौसाबाईनं, आम्हा दोघींना वाढवलं. आम्ही तिला मायच म्हणायचो. ताईचं लग्न ठरलं त्या वर्षी मायचे पाय गेले होते. खाटेवरून उचलून दारात आणलं तरी तिला कळा यायच्या, मग गाडीत घालून कुठं नेणं तर सोडाच.

आणि नवरदेवाच्या काकांनी पुण्याहून हट्ट धरला की लग्न चंद्रपूरच्या हॉलमध्येच व्हायला हवं. भाऊ हॉल पाहून आले. वर टिनाचे पत्रे, खाली फरशी. तिथेही ते बसलेच. "पापड भाजाले बरी जागा हाये," एवढंच बोलले.

त्यांच्या मनात त्यांचा स्वतःचा कोठा होता. आमच्याकडे गुरांच्या गोठ्याला कोठा म्हणतात. भाऊंचा कोठा लांबलचक, सागाच्या खांबांचा, वर कवेलूचं छप्पर, तलावाच्या पाळीला लागून. मे महिन्यातही तिथे गार वारा असायचा. शिवाय मायच्या खाटेपासून तो जेमतेम वीस पावलांवर. एकदा येऊन जागा बघा, अशी बाबांनी काकांना तीन पत्रं घातली. खेड्यात काय बघायचं, असं एका कार्डाचं उत्तर आलं. ताई कोणाला काही बोलली नाही, पण मायच्या खाटेशी बसून तिचे पाय दाबताना डोळे पुसायची.

"चौथं पत्र मी सांगतो, तू लिही," भाऊ मला म्हणाले. ते सांगत गेले, मी शुद्ध मराठीत उतरवत गेले. लग्न आमच्या जुन्या कोठ्यात करायचं ठरवलं आहे, जागा ऐसपैस आहे, रात्रभर नाचगाणं चाललं तरी गावाची हरकत नसते. मी इथलीच. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

आठवड्यानं शेजारच्या किराणा दुकानात पुण्याहून फोन आला. कोठ्यात म्हणजे काय, हा काकांचा सवाल मला रिसीव्हरबाहेर ऐकू आला. भाऊंनी शांतपणे समजावलं. "आमच्या आज्यापासूनचा कोठा हाये जी. सध्या सात जनी हायेत. गरीब हायेत बिचाऱ्या. एक तेवढी द्वाड हाये, नवा मानूस दिसला का अंगावर येते. पन लग्नाच्या दिवशी साऱ्याइले बाहेर काढतो ना."

फोन बंद झाला. लाइन गेली वाटते, म्हणत भाऊ घरी निघून गेले. दुकानदार पोट धरून हसत होता. हिंदी सिनेमात कोठा कशाला म्हणतात ते त्यानं सांगितलं तेव्हा मी पळत जाऊन बाबांना गाठलं. बाबा कपाळाला हात लावून बसले. होणारे भाऊजी गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात नोकरीला होते, त्यांना हा शब्द ठाऊक होता. पण असलं काही पुतण्याला विचारायचं कसं, म्हणून काकांनी त्यांना विचारलंच नाही, आणि बाबांनाही जावयापुढे तो शब्द काढवेना. लग्न मोडलं असंच आम्ही धरून चाललो. ताईनं भाऊंशी बोलणं टाकलं.

चौथ्या दिवशी भर दुपारी काका एसटीतून उतरले, लालबुंद. "कुठं आहे तो कोठा?"

भाऊंनी त्यांना नेलं आणि सातही गाईंची नावानिशी ओळख करून दिली. द्वाड होती ती खरंच अंगावर आली. काकांनी गाई दोनदा मोजल्या आणि मग उन्हानं थकून मटकन खाली बसले. भाऊंना तेवढंच हवं होतं. त्यांनी पुढ्यात पत्रावळ मांडली, भात, वरण, लाखोरीच्या डाळीचे वडे वाढले. जेवून काका तिथेच चटईवर आडवे झाले ते चार वाजता उठले. उठले तेव्हा पलीकडून मायचा आवाज येत होता, "पाव्हन्याले पानी द्या व पोरीहो." ही कोण, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. काका उठून तिच्या खाटेशी जाऊन बसले. परत आल्यावर बाबांना एवढंच म्हणाले, "हॉलचं राहू द्या."

लग्नाच्या दिवशी मायची खाट उचलून कोठ्यात तलावाकडच्या खांबाशी ठेवली होती. तिनं पडल्यापडल्या अक्षता टाकल्या, त्यातल्या निम्म्या भटजींच्या अंगावर. दिवाळीच्या आत ती गेली.

पुढे बऱ्याच वर्षांनी, भाऊंच्या शेवटच्या उन्हाळ्यात, मी त्यांना विचारलं की तुम्हाला त्या शब्दाचा दुसरा अर्थ खरंच माहीत नव्हता का. ते कोठ्यात खर्रा घोटत बसले होते.

"टुरिंग टाकीजले मी काय डोये मिटून बसत होतो?"

"मग मला तसं पत्र काऊन लिहाले लावलं?"

"तुह्या बाबानं तीन पत्रं सभ्य लिहिली. आला कोनी?"

भाऊ बसले होते ती तलावाकडच्या खांबाजवळची जागा होती. लग्नानंतर तिथे त्यांनी कधी गाय बांधली नाही.